स्विंगचा हात आणि गिरणगावचा पाय



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो महागाईभत्ता, बोनस किंवा गिरण्यांच्या जमिनी यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. मी नाचावर बोलणार असे कळवले, तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. परंतु नाच हाही राबणाऱ्या माणसांच्या इतिहासाचाच भाग आहे. आणि ज्या नाचाची हकीकत मी आज सांगणार आहे, तो तर नोकर, हमाल, मोलकरणी आणि कारखान्यांत काम करणारी पोरे यांनीच घडवलेला आहे. त्याला स्विंग नाच म्हणतात. त्याच्या मुख्य प्रकाराचे नाव लिंडी हॉप. न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तो जन्मला. त्याचे संगीत आगबोटीने मुंबईस आले, ताजमहाल हॉटेलात वाजले, धोबीतलावावरून चित्रपटांच्या स्टुडिओंत शिरले आणि शेवटी लालबाग-परळच्या गणपतीच्या मिरवणुकीत जाऊन पोचले. या एवढ्या प्रवासात त्याचा पाय आमच्याकडे आला, हात आला नाही. तो का आला नाही, एवढाच माझ्या बोलण्याचा विषय आहे.

हात म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. समोर बसलेल्या भगिनींना ते सांगायची गरज नाही, कारण त्यांतल्या बहुतेकींनी लहानपणी फुगडी घातलेली असेल. पायांचे चवडे जुळवायचे, उजव्या हातात उजवा आणि डाव्यात डावा असे हात आडवे धरायचे, आणि अंगाचा भार मागे टाकून गरगर फिरायचे. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फुगडीत कोणीच आपल्या पायांवर उभी नसते. ही तिच्या भाराने तोललेली असते आणि ती हिच्या. एकीने भार टाकला नाही तर फुगडी फिरतच नाही. एकीने हात सोडला तर दोघी पडतात. जोडीतली एक जाड आणि एक किडकिडीत असली तरी फुगडी होते, कारण जड असेल ती कमी रेलते आणि हलकी अधिक रेलते. किती रेलायचे, हे कोणी मोजून दिलेले नसते. ते हाताला कळते. हातात ताण पाहिजे, पण आवळून धरलेले चालत नाही. गिरगावातल्या मंगळागौरीत आणि कोकणातल्या गौरी-गणपतीत ही फुगडी बायकांची. पंढरीच्या वाटेवर मात्र पांढऱ्या मिशांचे वारकरीही एकमेकांचे हात धरून तीच फुगडी घालतात, आणि तिथे कोणाला त्याचे नवल वाटत नाही.

लिंडी हॉपचा पाया हाच आहे. आठ मात्रांचा एक फेरा धरा. सुरुवातीला दोघे जवळ असतात, त्याचा हात तिच्या पाठीवर. फेऱ्याच्या मध्यावर तो तिला बाहेर सोडतो, आणि दोघांत फक्त एका हाताची गाठ उरते. युरोपातल्या वॉल्ट्‌झसारख्या नाचांत जोडी सुरुवातीपासून अखेरपर्यंत मिठीत बांधलेली असते. तिथे एकाने काही वेगळे करायचे म्हटले तर दुसऱ्याच्या पायावर पाय पडणार. हार्लेमच्या लोकांनी ती मिठी मोडली. या सुटण्याला ते ‘ब्रेकअवे’ म्हणत. सुटून टोकाला गेल्यावर दोन-तीन मात्रा ज्याच्या त्याच्या मालकीच्या. तिला वाटले तर ती कंबर फिरवील, पाऊल घसरवील, एक मात्रा गिळून दुसरीवर येईल. त्याला वाटले तर तो पाय झटकील. मात्रा भरल्या की हात ताणला जातो आणि दोघे परत जवळ येतात.

यात काहीही आधी ठरलेले नसते. गाणे कोणते लागणार हे ठाऊक नसते, पुष्कळदा जोडीदाराचे नावही ठाऊक नसते. तरीही दोन परकी माणसे तीन मिनिटे एकमेकांशी बोलल्यासारखी नाचतात, कारण दोघांना ठेका ठाऊक असतो आणि दोघांच्या हाताला कान असतो. पुढे जाणारा तिला डावीकडे नेणार असेल तर आधी किंचित उजवीकडे झुकतो. ही सूचना झाली. सूचना देऊन त्याला थांबावे लागते. तिने ती घेतली तर उत्तम; तिने मध्येच आपले एक पाऊल घातले तर त्याने आपला बेत सोडून तिच्या पावलातून पुढचे पाऊल काढायचे. जो हिसका देऊन ओढतो तो नाचत नाही, तो जोडीदाराचा खांदा दुखावतो. वाटाघाटींच्या टेबलाशी आयुष्य काढलेल्या माणसाला हे चटकन समजते. समोरच्याच्या बाजूने भार येत नसेल तर आपण कितीही जोर केला तरी काही हलत नाही, आणि नुसताच जोर केला तर दोघेही आडवे होतात.

गाण्यात ज्याला आपण उपज म्हणतो, म्हणजे आयत्या वेळी सुचलेले पण तालातून न सुटलेले, ती उपज आणि जोडीदाराचा हात या दोन गोष्टी एकत्र असणे हे या नाचाचे मर्म आहे. ते आपल्या बायकांनी जात्यावरही साधले होते. दोघी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालीत. अर्धा फेरा ही ओढी, अर्धा फेरा ती. दगड ताल धरी आणि त्या तालावर एक ओवी घेई, तिच्यातला शब्द उचलून दुसरी पुढची जोडी. हेमा राइरकर आणि गी पॉइट्‌व्हाँ यांनी गावोगाव हिंडून मिळवलेल्या अशा ओव्यांची संख्या लाखावर गेली. एक लाख ओव्या, आणि त्या रचणाऱ्या बहुतेक बायकांना अक्षर येत नव्हते! तेव्हा उपज हे शिकलेल्यांचे किंवा हॉटेलवाल्यांचे वतन आहे, असे कोणी समजू नये.

आता हार्लेमकडे वळू. १२ मार्च १९२६ रोजी लेनॉक्स अॅव्हेन्यूवर, १४० व्या आणि १४१ व्या रस्त्यांच्या दरम्यान, सॅव्हॉय बॉलरूम नावाचे नाचघर उघडले. ते एवढे लांब होते की एका रस्त्यापासून दुसऱ्यापर्यंतची सगळी जागा त्याने व्यापली होती. आत वादकांसाठी दोन मंच होते. एक ताफा थांबला की दुसरा सुरू होई, संगीत तुटत नसे. ज्या काळी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी काळ्या-गोऱ्यांना एका छताखाली नाचू देत नसत, त्या काळी सॅव्हॉयच्या फरशीवर दोघे नाचत. पण मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. गोऱ्यांच्या घरी धुणी-भांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांना सुटी असे ती गुरुवारी. म्हणून सॅव्हॉयमध्ये गुरुवारची रात्र त्यांची. तिला लोक ‘किचन मेकॅनिक्स नाइट’ म्हणत, म्हणजे चुलीवरच्या मिस्त्र्यांची रात्र. आठवडाभर दुसऱ्याच्या हुकमाप्रमाणे हात चालवणारी बाई त्या रात्री असा जोडीदार निवडी की जो हुकूम देणार नाही, विचारील.

या नाचातले मोठे नाव फ्रँकी मॅनिंग. जन्म १९१४. दिवसा हा तरुण केसाळ कातड्यांचे कपडे बनवण्याच्या धंद्यात काम करी आणि रात्री सॅव्हॉयमध्ये नाचे. १९३५ साली फ्रीडा वॉशिंग्टन या जोडीदारणीसह त्याने नवेच धाडस केले. पाठीला पाठ लावून त्याने तिला आपल्या पाठीवरून पलीकडे घेतले आणि ती ठेक्यावर पायांवर उतरली. पुढे अशा हवेतल्या उड्यांमुळेच हा नाच चित्रपटांत गाजला. १९४१ च्या ‘हेल्झापॉपिन’ या चित्रपटात त्या पाहायला मिळतात. माझ्या मते मात्र उड्या हा तमाशबिनांसाठीचा भाग झाला. उडीची तालीम करावी लागते, ती आधी ठरलेली असते. नाचाचा जीव जमिनीवरच्या त्या दोन-तीन मोकळ्या मात्रांत आहे.

दुसरे नाव नॉर्मा मिलर. तिची आई घरकाम करी. १९३२ च्या ईस्टरच्या रविवारी ही बारा वर्षांची पोर सॅव्हॉयच्या बाहेर फुटपाथवर, आतून ऐकू येणाऱ्या संगीतावर एकटीच नाचत होती. तिथल्या एका नामांकित नर्तकाने ती पाहिली आणि तिला आत नेऊन आपली जोडीदारीण केली. ही दोघेही हर्बर्ट व्हाइट याच्या मंडळीत होती. हा गृहस्थ आधी नाचघराचा दांडगाई मोडणारा माणूस होता. पोरे निवडणे, करार करणे आणि पैसा वाटणे ही तिन्ही कामे त्याच्याच हातात. गिरणीतला जॉबर ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगणे नको.

लिंडी हे नाव पडले ते चार्ल्स लिंडबर्गवरून. त्याने १९२७ साली एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडला होता. १९२८ साली दिवसरात्र चालणाऱ्या नाचाच्या एका शर्यतीत शॉर्टी जॉर्ज स्नोडन नावाच्या ठेंगण्या नर्तकाने जोडीदारणीला सोडून स्वतःची पावले टाकली, तेव्हा कोणी विचारले, हे काय? त्याने उत्तर दिले, लिंडी. अशी गोष्ट सांगतात. गोष्ट कितपत खरी याचा वाद मी घालत नाही. पण १९२८ हे साल आम्हाला परके नाही. त्याच साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप चालवला आणि त्यातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. आणि हार्लेममध्येही १९२५ साली रेल्वेच्या झोपेच्या डब्यांतल्या हमालांची संघटना ए. फिलिप रँडॉल्फ यांनी बांधली होती. बलाढ्य पुलमन कंपनीशी तिचा पहिला करार होईपर्यंत १९३७ साल उजाडले. सॅव्हॉयच्या फरशीवर नाचणारे आणि या संघटनेची वर्गणी भरणारे एकाच गल्ल्यांत राहत होते.

मुंबईस हे संगीत वरच्या दाराने आले. १९३५ साली लिऑन अॅबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवावयास आला. त्याच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड पुढे याच देशात राहिला आणि १९४५ साली कलकत्त्यास वारला. ताजच्या फरशीवर नाचत ते संस्थानिक, गोरे अधिकारी, धनिक पारशी आणि त्यांच्यासारखे इतर. हार्लेमची मोलकरीण गुरुवारी जे नाचे ते मुंबईत राजेरजवाडे नाचू लागले, आणि गोदीत ओझी वाहणाऱ्यास त्याचा पत्ताही नव्हता. मूळ कोणाचे आणि मिरवतो कोण, हा प्रकार आपल्याकडेही नवा नाही.

पण वाजवणारे कोण होते? गोवेकर. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत, म्हणून मुंबईच्या बँडांत, सिनेमागृहांत आणि हॉटेलांत गोवेकर वादकच लागत. ते धोबीतलाव, कावेल या गिरगावाला लागून असलेल्या भागातल्या कुडांत उतरत. कूड म्हणजे एकेका गावाची मुंबईतली खोली: भिंतीला लागून पेट्या रचलेल्या, एका बाजूला देव्हारा, संध्याकाळी प्रार्थना, आणि जागा तेवढी पथारीची. आमच्या परळ-लालबागच्या गावकऱ्यांच्या गाळ्यांचीच ही सख्खी भावंडे. फरक एवढाच की गाळ्यातला माणूस भोंग्याला डबा घेऊन निघे आणि कुडातला संध्याकाळी कोट-टाय चढवून. अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून या गोवेकरांनी कागदावरून नजर काढून वाजवायला शिकून घेतले. हळदोण्याचे आन्तोनियो झेवियर वाझ हे त्यांतले थोर. चिक चॉकलेट या नावाने ते ट्रम्पेट वाजवीत, आणि लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

पुढे युद्धात अमेरिकन शिपाई मुंबईस आले, बॉलरूमना बरे दिवस आले. आणि १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. हॉटेलांचा धंदा बसला तसे वादक मोठ्या संख्येने चित्रपटांकडे वळले. तिथे त्यांना रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्यासारखे संगीतकार भेटले. पुणतांब्यात जन्मलेला हा मराठी माणूस कान उघडे ठेवून फिरणारा होता. चिक चॉकलेट त्यांचे सहायक झाले. चाल यांची, वाद्यमेळ त्यांनी लिहून बसवलेला. पडद्यावर मात्र नाव बहुधा एकाचेच येई. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड अशा कितीतरी लोकांनी हिंदी चित्रपटसंगीताची बांधणी केली आणि श्रोत्यांना त्यांची नावे फार उशिरा कळली. यावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल. असो.

सी. रामचंद्रांना हिंदीत पुढे आणणारा चित्रपट ‘सुखी जीवन’, १९४२ चा. तो भगवान यांचा. आणि इथे आमचे गिरणगाव या गोष्टीत प्रवेश करते. भगवान आबाजी पालव. जन्म १ ऑगस्ट १९१३. बाप गिरणी कामगार, स्वतः आरंभी मोलमजुरी केलेली, मूकपटांपासून पडद्यावर. स्वस्तातले मारामारीचे चित्रपट काढून त्यांनी नाव कमावले; ते चित्रपट कामगार वस्तीतल्या थिएटरांत चालत. १९५१ साली ‘अलबेला’ आला, आणि त्या वर्षीच्या मोठा गल्ला जमवणाऱ्या चित्रपटांत जाऊन बसला. त्यात चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. म्हणजे हार्लेमचा ठेका, हळदोण्याचा ट्रम्पेट, पुणतांब्याची चाल आणि गिरणगावचा पाय एकाच चौकटीत आले.

तो पाय कसा होता? ‘अलबेला’ पाहिलेल्यांना आठवेल. ठेंगणा, अंगाने भरलेला माणूस. नाचाची तालीम झालेली नाही हे उघड दिसते. पाऊल लहान, जवळजवळ जागच्या जागी. गुडघे सैल. हात कोपरात दुमडून पुढेमागे डोलतात, खांदा ठेक्याच्या किंचित मागून येतो आणि चेहऱ्यावर असे भाव की बघा, हे तुम्हालाही येईल. गीता बाली यांच्या नजरेत आणि खांद्यात विलक्षण चपळाई. तो एक करतो, ती त्याच्यावर दुसरे करून दाखवते. उपज आहे, सवाल-जवाब आहे, पण बहुतेक वेळ दोघे शेजारी-शेजारी किंवा समोरासमोर, सुटे. एकमेकांचा भार एकमेकांच्या हातावर नाही. स्विंगचे सगळे आले, हात तेवढा गळाला.

आपली संस्कृतीच तशी, बाई-पुरुषांनी हात धरून नाचणे आपल्याला रुचत नाही, असे उत्तर लोक देतात. मला ते पुरेसे वाटत नाही. रुची ही वस्तीतून बनते. गिरणगावची वस्ती कशी होती ते पाहा. १९२१ आणि १९३१ या दोन्ही शिरगणतींत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया सहाशेहूनही कमी भरल्या. रत्नागिरीचा, साताऱ्याचा माणूस एकटाच गिरणीत यायचा. बायको गावी शेत सांभाळायची, सासूचे पाहायची, मनिऑर्डरीची वाट पाहायची. त्याच्या पगारात बिऱ्हाड निभत नव्हते, आणि मालकांना तेच सोयीचे होते; माणसाचे अर्धे पोट गावच्या शेताने भरायचे. हार्लेममध्ये मोलकरीण आणि हमाल दोघेही शहरात होते, दोघांच्या हातात आपापली मजुरी होती, म्हणून गुरुवारी रात्री ती दोघे फरशीवर भेटू शकत. गिरणगावातली अर्धी जोडी बोटीच्या पलीकडे होती. हात धरायला हातच नव्हता, मग रुचीची गोष्ट कुठली?

ज्या बायका मुंबईत होत्या त्यांचे काय झाले, तेही इतिहासात नमूद आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता, मुख्यतः रीलिंग आणि वाइंडिंग खात्यांत. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले, डॉ. आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला, १९२९ साली कायदा झाला. त्यानंतर सुधारित यंत्रे, खात्यांची कपात, अशी एकेक कारणे काढून बायकांची संख्या घटवत नेली. १९७० नंतर त्या गिरणीत शोधाव्या लागत. स्वतःची मजुरी घेणारी बाई अशी गिरणगावातून कमी होत गेली.

जागेचाही प्रश्न होता. लिंडी हॉपच्या एका जोडीला सुटून परत यायला आठ-दहा फुटांची मोकळी पट्टी पाहिजे. चाळीतल्या दहा-बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्यांनी ती आणायची कोठून? भगवानदादांचे पाऊल दोन फूट चौरसात मावते. गर्दीत, गॅलरीत, मिरवणुकीत, कुठेही. म्हणून ते पसरले. विसर्जनाच्या मिरवणुका त्यांच्या दादरच्या घराखाली थांबून त्यांच्याच गाण्यांची सुरावट वाजवीत, असे जुने लोक सांगतात. पुढे अमिताभ बच्चन यांनी पडद्यावर जे पाऊल टाकले त्यातही ते ओळखू येते.

मग पुरुषांनी जोडीदार कुठे शोधला? तीन ठिकाणी. पहिले, बाल्या नाचात. कोकणातला चाकरमानी पायांत चाळ बांधून रिंगणात नाचे, मध्ये ढोलकीवाला आणि गाणारा. शक्तीवाले आणि तुरेवाले यांचा सामना लागला की कोडे टाकायचे आणि समोरच्याने आयत्या वेळी पदातूनच ते सोडवायचे. म्हणजे जोडीदार इथे प्रतिस्पर्धी झाला. परळचे दामोदर नाट्यगृह अशा सामन्यांनी भरून जाई. ते १९२२ साली सोशल सर्व्हिस लीगने बांधले. लीगचे संस्थापक ना. म. जोशी, हेच आयटकच्याही स्थापनेतले. २०२३ साली पुनर्बांधणीचे कारण देऊन ते बंद केले.

दुसरे ठिकाण लालबागचे हनुमान थिएटर. तिथे तमाशाचे फड लागत आणि समोर बसलेले बहुतेक गिरणीतलेच. फडावर जे घडे ते सॅव्हॉयच्या फार जवळचे होते. नाचणारी बाई घुंगरातून एक तुकडा टाके, ढोलकीवाला तो तिथल्या तिथे उचली. ती अडे, तो थांबे. ती सुटे, तो मागे धावे. कान आणि नजर एकमेकांत अडकलेली. आणि पुढे जाणारी बाई होती, मागे येणारा पुरुष. हजार गिरणी कामगार ते रोज पाहत. पण बाकावर बसून, तिकीट काढून, शिट्ट्या मारीत. फडावरून खाली उतरल्यावर त्या बाईला कोणी बरोबरीने वागवले नाही. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण आहे ते असे आहे.

तिसरे ठिकाण मिरवणूक. लालबागची बेंजो पार्टी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे ठाऊक आहे की बेंजोवाल्याची नजर वाद्यावर नसते, नाचणाऱ्या पोरांच्या पायांवर असते. पोरे दमली की तो लय उतरवतो, एखाद्याने नवे काही केले की तोच तुकडा फिरवून फिरवून त्याला पुरवतो. शंभर माणसे आणि एक वाद्य यांची ती जोडी. सॅव्हॉयमध्ये चिक वेब हा कुबडा ढोलवादकही नाचणाऱ्यांकडे पाहूनच वाजवी. १९३७ साली बेनी गुडमनसारख्या नामांकित गोऱ्या वादकाला त्याने तिथे स्पर्धेत हरवले ते या फरशीच्या जोरावर. हात नसेल तर नजर काम करते. पण नजरेवर भार टाकता येत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमच्या चाळीतले कितीतरी पुरुष गावी परतले, आणि मुंबईत राहिलेल्या बायका घराबाहेर पडून पोळ्या लाटणे, घरकाम, शिवण अशी कामे करू लागल्या. ज्या मजुरीमुळे हार्लेमची बाई नाचघरात स्वतःच्या पायांनी जाई ती मजुरी गिरणगावच्या बाईच्या हाती आली, पण पुरुषाची गेल्यावर. मीही त्यानंतर शाळा सोडली. पुढचे वाचन दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात झाले. हार्लेमचे नाव मी प्रथम तिथेच वाचले, तेही रँडॉल्फच्या संघटनेच्या निमित्ताने.

सॅव्हॉय १९५८ साली बंद झाले आणि ती इमारत पाडून त्या जागी घरे बांधली. नाच मागे पडला, फ्रँकी मॅनिंग टपाल खात्यात नोकरीस लागला आणि तीसएक वर्षे तिथेच राहिला. १९८० नंतर अमेरिकेतली आणि स्वीडनमधली तरुण मंडळी त्याला शोधत आली, आणि म्हातारपणी तो देशोदेशी हा नाच शिकवीत फिरला. २००२ च्या मे महिन्यात त्याने आणि नॉर्मा मिलरने सॅव्हॉयच्या जागेवर स्मृतिफलक उघडला. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला भगवानदादा दादरला वारले. चेंबूरचा स्टुडिओ, जुहूचा बंगला, मोटारी, सारे केव्हाच गेले होते. अखेरची वर्षे चाळीतल्या खोलीत गेली.

अलीकडे मिरवणुकीत बदल दिसतो. गिरगावात पाडव्याच्या शोभायात्रेत आणि विसर्जनाला ढोल-ताशांच्या पथकांत मुली कमरेला ढोल बांधून उभ्या असतात. लालबागेत त्या नाचतातही. पूर्वी गॅलरीतून पाहत. भोवती भाऊबंद हातांची साखळी धरतात, कारण गर्दीवर भरवसा नाही. त्या रिंगणात बेंजो जुन्या चित्रपटांची चाल धरतो, आणि मध्येच दोघी फुगडी घालतात. कधी बहीण-भाऊ, कधी नवरा-बायको, कधी एकाच ऑफिसातले दोघे. गुलालाने हात निसटतात म्हणून बोटे न धरता मनगटे धरतात, मागे रेलतात आणि फिरू लागतात. बेंजोवाला त्यांच्याकडे पाहून लय चढवतो.